या, कांगवर बसा

थोरल्या बहिणीनं दार उघडलं ते निम्मंच, आणि उरलेल्या निम्म्यात ती स्वतः उभी राहिली.

"तू? आज?"

"चुलीच्या देवाला निरोप द्यायचा दिवस, आज नाही यायचं तर कधी?" सूलियाननं काखेतला कोबीचा गड्डा पुढे केला. "सरक ना ताई. सगळं वारं घरात घेतेयस."

ताई सरकली. कोबी घेतला, तो कुठं ठेवावा हे सुचत नसल्यासारखी क्षणभर उभी राहिली आणि मग टीव्हीशेजारी ठेवून दिला. सोफ्यावरची उशी तिनं दोनदा झटकली.

"बस," ती म्हणाली.

नुसतं 'बस'. सूलियान बसली, पण तो शब्द तिच्या कानात कुसळासारखा अडकून राहिला. तोंगयाओ गावात घरात आलेल्या माणसाला कुणी नुसतं 'बस' म्हणत नाही. 'या, कांगवर बसा' असं म्हणतात. कांग म्हणजे आतल्या खोलीतला विटांचा रुंद ओटा. चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरतो आणि मग धुराड्यातून वर जातो. त्याच्यावरच झोपायचं, जेवायचं, बाळंत व्हायचं, रुसायचं. पाहुणा आला की त्याला चुलीकडच्या टोकाला, सगळ्यात ऊबदार जागी बसवायचं. राजधानीची हवा साफ व्हावी म्हणून सरकारनं कोळसा बंद केला, घरोघर गॅस आला, कांग फुटले, त्याला आता चार हिवाळे झाले होते. पण तोंडाची सवय काही फुटली नव्हती. लोक लाकडी पलंगाकडे बोट दाखवून 'या, कांगवर बसा' म्हणत, आणि मग दोघं मिळून हसत, नाहीतर शिव्या घालत. आजच सकाळी शेजारच्या मिआओ वहिनीनं पालथी बादली पुढे सरकवून तेच म्हटलं होतं.

ताईचा राग असेल, सूलियानला वाटलं. न सांगता आले म्हणून.

"हाइलिन कसा आहे?" ताईनं विचारलं.

"त्याच्यासाठीच आलेय." एवढं बोलून ती थांबली. वाटेत सगळं पाठ केलं होतं, पण नवऱ्यासाठी असलं तरी सख्ख्या बहिणीपुढं पदर पसरायचा म्हणजे जिवावर येतंच. "खोकला छातीत उतरलाय त्याच्या. डॉक्टरीण म्हणाली, औषध देते, पण थंड खोलीत औषध काय करणार? खोली उबदार ठेवा म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, ते गॅसचं यंत्र दिवसभर चालवायचं तर आम्ही खायचं काय? पहिल्यासारखं अनुदान राहिलंय का आता?"

"सगळ्यांचं तेच आहे."

"आहे ना. मी कुठं नाही म्हणते?" सूलियान पुढे सरकली. "ताई, तू दोंगशेंगशी बोल. मोठा कांग नको. भिंतीला लागून एका माणसापुरता, हाइलिन झोपेल एवढाच. दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं जाळू, तीसुद्धा अंधार पडल्यावर. त्यानं फक्त आमच्या धुराड्याकडं बघायचं नाही. बाकी काही मागत नाही मी."

दोंगशेंग म्हणजे ताईचा मुलगा आणि गावचा सेक्रेटरी. धूर कुठून येतो हे बघत फिरणारी पोरं त्याच्या हाताखालची. ती ज्याची चूल पकडतील त्याचं नाव कर्ण्यावरून साऱ्या गावाला ऐकवायचं, हीसुद्धा त्याचीच कल्पना. सूलियान त्याच्याकडे कचेरीत आधीच जाऊन आली होती. त्यानं तिला चहा दिला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मावशी, नियम सगळ्यांना एकच. घरच्यांना सूट दिली तर लोक माझं तोंड बघतील का?" बोलणं खरं होतं. तिला तर त्याचा थोडा अभिमानच वाटला होता.

"तो ऐकणार नाही," ताई म्हणाली. "आईचं ऐकायचं वय गेलं त्याचं."

"माझं ऐकायचा की गं! तुला क्षय झाला होता तेव्हा दोन हिवाळे माझ्या कुशीत झोपलाय तो. आमच्याच कांगवर. अंथरूण ओलं केलं तरी त्या कांगवर सकाळपर्यंत सुकून जायचं, म्हणून बरं!"

ताई हसली नाही. ती दाराकडे बघत होती. तिच्या अंगात पातळ स्वेटर होता, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. सूलियान दोन कोटांमध्ये कोंबलेली, आणि तिला आत्ता कळलं की आपल्याला घाम येतोय.

"यंत्र लावलंयस वाटतं."

"हो. म्हणजे, नातवंडं येणारेत."

सूलियाननं मान डोलावली. येतात, नातवंडं येतात. हिनं आयुष्यभर काटकसर केली, आता लेक सेक्रेटरी झाल्यावर चार दिवस यंत्र लावलं तर कुणाच्या पोटात का दुखावं? गावात बायका काहीबाही बोलत, तेव्हा भाच्याची बाजू घेऊन भांडणारी सूलियानच होती. "राजधानीचं आभाळ निळं झालं म्हणे," मिआओ वहिनी म्हणायची, "होणारच, निळा रंग आपल्या ओठांचा गेलाय ना तिकडं!" बायका खिदळायच्या. सूलियान म्हणायची, "त्यानं काय करावं? वरून हुकूम आला. पहिला कांग कुणाचा फोडला त्यानं? आमचाच ना!"

ते खरंच होतं. पहिला कांग त्यांचाच फुटला. दोंगशेंग घरी आला होता, हाइलिनच्या पायाशी बसला होता. "काका, गावातला प्रत्येक कांग तुमच्या हातचा. तुम्ही स्वतःचा फोडलात तर कुणाची हिंमत होणार नाही नाही म्हणायची." हाइलिन रात्रभर जागा होता. सकाळी टीव्हीवाले आले, त्याच्या छातीवर लाल कागदाचं फूल लावलं, आणि परक्याचा हात लागू न देता त्यानं स्वतः घण उचलला. काजळी सूलियाननं झाडली. ती पुढे कित्येक दिवस घरभर निघत होती.

"चहा करते," ताई म्हणाली, पण उठली नाही.

आणि तेवढ्यात सूलियानला वास आला. आंबूसगोड, ओला वास. तो ओळखायला तिला क्षणभर लागला, कारण कित्येक हिवाळ्यांत तो कुणाच्या घरी आला नव्हता. आंबलेल्या पिठाचा वास. कांग गेले तसं हिवाळ्यात पीठ फुगणंही गेलं. आता नव्या वर्षाचे वाफवलेले पावसुद्धा गाडीवाल्याकडून घ्यावे लागत, आणि ते चावताना मिआओ वहिनी दात मोजायची.

"ताई, पीठ उतू चाललंय तुझं!"

ती बोलली आणि उठलीसुद्धा. यात तिचा काही डाव नव्हता. तोंगयाओची कुठलीही बाई हेच करती. पीठ उतू जात असताना घर कुणाचं हे कुणी बघत नाही.

"असू दे, मी बघते, तू बस—"

ताई गुडघ्यांना धरून उठेपर्यंत सूलियाननं आतल्या खोलीचा जाड पडदा वर केला होता.

आत कांग होता.

नवाकोरा. वर वेताची चटई, तिच्यावर ताईची गादी. चुलीकडच्या टोकाला जुन्या कोटात गुंडाळलेलं पिठाचं पातेलं, झाकण वर उचलून पीठ एका बाजूनं ओघळायला लागलेलं. सूलियाननं आधी ते पीठ हातानं आत लोटलं, झाकण नीट बसवलं. मग हात कोटाला पुसून चटईवर ठेवला.

ऊब हातातून कोपरापर्यंत चढली. किती दिवसांनी! तिचे डोळेच मिटले. कुणी बघत नसतं तर ती तशीच आडवी झाली असती.

मग ती कडेकडेनं चालत गेली, तळवा चटईवरून सरकवत. मधे गरम. पुढे गरम. पार धुराड्याकडच्या टोकाला, जिथं वर्तमानपत्रावर लाल बोरं पसरली होती, तिथंही गरम. चुलीजवळ होतं तेवढंच.

तिथं ती थांबली.

कांग बांधणारे या तालुक्यात पुष्कळ होते. त्यांचे कांग चुलीकडे भाजायचे आणि दुसऱ्या टोकाला सुनेच्या वाट्याला गारठा यायचा. शेवटच्या टोकापर्यंत ऊब सारखी नेणारा माणूस एकच होता. आतल्या धुराच्या वाटा तो कशा वळवायचा हे त्यानं कुणाला शिकवलं नव्हतं, बायकोलाही नाही. सूलियान लग्न होऊन आली ती अशाच एका कांगवर, आणि सासू मुद्दाम शेवटच्या टोकाला झोपवायची तरी तिला कधी थंडी वाजली नव्हती.

शरद सरता सरता हाइलिन आठवडाभर घरी नव्हता. वरच्या वाडीत जुन्या सोबत्याकडे पर्सिमनची फळं उतरवायला जातो म्हणाला होता. परत आला तो नखांत माती घेऊन, खोकत, पण चेहरा उजळलेला. खूप जेवला. त्या रात्री सूलियाननं त्याची पाठ तेल लावून चोळली होती. फळं उतरवून माणूस एवढा खूश कसा, असं तिला वाटलं होतं, आणि मग वाटलं होतं, होऊ दे बापडा.

"तो माझ्या गुडघ्यांसाठी," पडद्याशी उभी राहून ताई म्हणाली. "मी नको म्हटलं होतं. शप्पथ."

"धूर कुठं जातो?"

"मागं. मक्याच्या कोठारामागून. दिसत नाही."

"नाहीच दिसणार. चांगलं काम आहे."

बाहेर मोटारसायकल थांबली. दोंगशेंग आत आला तो हातात पुडा घेऊन, देवाच्या तोंडाला लावायची चिकट साखरेची मिठाई. चुलीचा देव आज वर जाऊन घराची खबर देणार, त्याचं तोंड गोड आणि चिकट केलं की तो वाईट बोलत नाही. मावशीला आतल्या खोलीत बघून दोंगशेंग उंबऱ्यातच थबकला. आईकडे बघितलं. मग पुडा उघडून मावशीपुढं धरला.

"घ्या मावशी. ताजी आहे."

"मला कशाला? मी थोडीच वर जाणारेय सांगायला?"

त्यानं पुडा खाली घेतला. तो वाईट मुलगा नव्हता. कान लाल झाले होते त्याचे.

"आईचं संधिवाताचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. तिला रात्र रात्र झोप नव्हती. मी काय करायचं होतं?"

"आणि तुझ्या काकाची छाती? तिच्यात काय कापूस भरलाय?"

"मावशी, एक धुराडं लपवता येतं. घरोघर लपवायला लागलो तर... उद्या वरून तपासणी आली तर माझी खुर्चीच नव्हे, गावाला मिळतं ते सगळं जाईल." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "काका तुम्हाला बोलले नाहीत?"

सूलियान कोटाची बटणं लावत होती. मघाशी उकडत होतं तेव्हा कधी काढली तिला आठवत नव्हतं.

"या हिवाळ्यापुरतं थांबा," दोंगशेंग म्हणाला. "पुढच्या वर्षी काहीतरी करतो. मी हीटरचं बघतो. विजेचा एक पडून आहे कचेरीत."

"तो कचेरीतच राहू दे. तुझे पाय गारठायचे."

ताई तिच्यामागून फाटकापर्यंत आली, त्याच पातळ स्वेटरवर. "सूलियान," ती म्हणाली, "गावात..."

"नाही सांगत. आत जा, थंडी बाधेल."

वाटेत तिला मिआओ वहिनी दिसली, झाडू टेकवून उभी. "काय गं, बहिणीनं कांगवर बसवलं की नाही?" तिनं नेहमीच्या थट्टेनं विचारलं. सूलियान हसली, हात हलवला आणि पुढे गेली. एवढ्या वर्षांत तिनं भाच्यासाठी या बाईशी किती भांडणं केली होती! आपण साऱ्या गावापुढं येडपट ठरलो आहोत, आणि ते गावाला अजून ठाऊक नाही, एवढंच. भाच्याचा राग आला होता, ताईचाही आला होता. पण ते राग तिला हाताळता येण्यासारखे होते. सेक्रेटरी लोक असेच असतात. ताई लहानपणापासून मोठा वाटा घेणारी. तिसरं, हाइलिनबद्दल जे वाटत होतं, त्याला काय म्हणावं तिला कळेना.

हाइलिन पलंगावर होता, कानटोपीसकट, दोन रजयांखाली. भिंतीवरचं गॅसचं यंत्र बंद होतं आणि त्याच्यावर कुणाचा तरी पायमोजा वाळत होता. तिला बघून तो कोपरावर उठला.

"काय म्हणाली ताई?"

"नाही म्हणाली."

"वाटलंच मला." तो खोकला, आणि खोकून झाल्यावर छातीवर हात ठेवून थोडा थांबला. "जाऊ दे. वसंत लांब नाही आता."

सूलियाननं कोट काढला नाही. स्वयंपाकाच्या फळीपाशी जाऊन तिनं उरलेला कोबी घेतला, त्याची बाहेरची पानं सोलली. पाठमोरीच बोलली.

"तिचा कांग बघितला मी."

मागं रजई सरकली.

"पर्सिमन कशी होती यंदा?" ती म्हणाली. "गोड होती?"

"सूलियान."

"पाठ चोळली मी तुझी."

"दोंगशेंग म्हणाला कुणाला सांगू नका. घरातसुद्धा नको. बाईमाणसाच्या पोटात..." तो अडखळला. "तो म्हणाला तसं. मी नाही."

"बरं. आणि तू त्याला काय म्हणालास? आपल्यासाठी विचारलंस?"

ती आता वळली होती. तो रजईच्या कडेचा दोरा ओढत होता. खोटं बोलेल, तिला वाटलं; आणि बोलावं, असंही वाटलं. विचारलं होतं, तो नाही म्हणाला, एवढं जरी हा म्हणाला तरी आज रात्री आपण याच्या शेजारी झोपू शकू.

"विचारणार होतो," हाइलिन म्हणाला. "पहिल्या दिवशी विचारणारच होतो. पण त्यानं विटा आणून ठेवल्या होत्या, चांगल्या, जुन्या भट्टीतल्या. माती मळलेली. मी हात घातला, आणि मग... चार वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं गं. कुणी म्हणजे कुणीच नाही. मला वाटायचं हात विसरले असतील. नव्हते विसरले." त्याचा आवाज भरून आला होता, पण दुःखानं नव्हे, हे तिला दिसत होतं. "मग काम संपलं, त्यांनी जेवायला वाढलं. आणि ते विचारायचं राहूनच गेलं."

"राहून गेलं."

"हो."

सूलियाननं सुरी उचलली आणि पुन्हा ठेवली. बाहेर कुणीतरी देवासाठी फटाक्यांची माळ लावली होती. तिला मोठ्यानं रडायचं होतं, पण थंडीत रडलं की नाक चोंदतं आणि मग रात्रभर त्रास होतो, हे ती याच खोलीत शिकली होती.

"सूलियान," हाइलिन हळूच म्हणाला. तो पुरता उठून बसला होता, रजया मांडीवर गोळा झालेल्या. "तू हात लावून बघितलास?"

"बघितला."

"कसा झालाय? म्हणजे धूर वगैरे मारत नाही ना? मी चूल पेटवलेली बघायला थांबलोच नाही, माती ओली होती. शेवटच्या टोकाला..." तो थांबला. कानटोपीखालून त्याचे डोळे पोरासारखे तिच्याकडे लागले होते. "शेवटच्या टोकाला ऊब पोचते ना?"

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. हा माणूस तिला आवडत आला होता, या हातांसाठीच. ती हे कधी बोलली नव्हती, पण ते त्यालाही माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "शेवटचं टोक थंडगार आहे. ताईची बोरं ओलीच आहेत तिथं."

हाइलिनच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मग त्याचा एक हात रजईवर फिरायला लागला, चुलीपासून धुराड्यापर्यंत, आडवा, वळून पुन्हा आडवा. मधे अडला. बोटांनी एक वीट उचलली, दुसरीकडे ठेवली, मान हलवून परत उचलली. खोकला आला तो त्यानं तोंड दाबून परतवला, हिशेब मोडू नये म्हणून.

"उद्या जाऊन बघून येतो," तो पुटपुटला. "एक कडा उकलावी लागेल. कुठं चुकलं असेल गं?"

"तुझं तुलाच ठाऊक," सूलियान म्हणाली, आणि संध्याकाळचा कोबी चिरायला लागली.